मेरी स्टुअर्टची नेमकी घोडचूक कोणती?

अर्धा_कप_चहा
मंडळी, सध्या ट्यूडर काळातलं वाचन चाललंय आणि एका बाईपाशी गाडी अडकलीये. स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट. जन्म ८ डिसेंबर १५४२, सहा दिवसांत वडील पाचवे जेम्स गेले आणि पाळण्यातल्या पोरीच्या नावाने राज्य सुरू. पाच वर्षांची असताना फ्रान्सला रवानगी, १५व्या वर्षी तिथल्या युवराजाशी लग्न, १६व्या वर्षी फ्रान्सचीही राणी, अठरा पूर्ण व्हायच्या आत विधवा. ऑगस्ट १५६१ मध्ये स्कॉटलंडला परत आली तर देश मधल्या काळात प्रोटेस्टंट होऊन बसलेला आणि ही पक्की कॅथलिक. पुढच्या सहा वर्षांत दोन लग्नं, एका नवऱ्याचा खून, गादी गेली. पंचविशीत इंग्लंडच्या कैदेत, ४४व्या वर्षी शिरच्छेद.

शेजारी इंग्लंडची राणी एलिझाबेथ. तिचे वडील आठवे हेन्री आणि आई अ‍ॅन बुलिनचं लग्न कॅथलिकांना मान्य नव्हतं, त्यामुळे त्यांच्या हिशेबात एलिझाबेथ अनौरस आणि सातव्या हेन्रीची पणती असलेली मेरी हीच इंग्लंडची खरी राणी. म्हणजे भांडणाचं मूळ दोघींच्या जन्मातच होतं हे कबूल. पण त्यातूनही निभावता आलं असतं का?

प्रश्न असा: कुठल्या एका निर्णयानंतर तिचा परतीचा रस्ता बंद झाला? एकच निवडायचा, 'सगळंच चुकलं' असं चालणार नाही. माझं मत: बॉथवेल नावाच्या सरदाराशी लग्न. नवऱ्याच्या खुनाचा ज्याच्यावर संशय त्याच्याशीच तीन महिन्यांत लग्न करायचं म्हणजे काय!

शंकेखोर
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसतोय.

नाना_सोलापूरकर
बॉथवेल फार पुढची गोष्ट झाली हो. माती खाल्ली ती डार्नलीपाशी. एलिझाबेथने स्वतःचा लाडका रॉबर्ट डडली हिला नवरा म्हणून सुचवला होता, त्याचा दर्जा वाढावा म्हणून १५६४ मध्ये त्याला लेस्टरचा अर्ल पण केलं. आता तो प्रस्ताव कितपत मनापासून होता देव जाणे, पण मेरीने काय केलं, तर हेन्री स्टुअर्ट, लॉर्ड डार्नली नावाचा उंचापुरा देखणा पोरगा बघितला आणि २९ जुलै १५६५ ला होलीरूडमध्ये लग्न लावून मोकळी. दिसायला राजबिंडा, डोकं रिकामं, दारू प्यायचा, सरदारांशी उद्धट वागायचा आणि वर हट्ट असा की मला नुसता राणीचा नवरा नको, राजमुकुटाचा पूर्ण हक्क द्या. हिने तो दिला नाही, तिथून हा बिथरला. लग्नाच्या पायी सावत्र भाऊ मोरे बंड करून उठला, तो तोवर तिच्या दरबारातला सगळ्यात कामाचा माणूस होता. एका लग्नात घरचा भाऊ पण गेला आणि इंग्लंडची मर्जी पण गेली.

केदार_निपाणी
थांबा, नातं लावू द्या. डार्नलीची आई ही मेरीच्या वडिलांची सावत्र बहीण. म्हणजे मेरी त्याच्या मामाची मुलगी. आपल्याकडे बिनधास्त चालतंय की हे!

कायदेपंडित
@केदार, आपल्याकडे चालतं, त्यांच्याकडे पोपची परवानगी लागायची. ती हातात पडायच्या आधीच लग्न उरकलं होतं.

शंकेखोर
मग त्याच हिशेबाने एलिझाबेथ कोण लागली?

केदार_निपाणी
मेरीच्या वडिलांची मामेबहीण. म्हणजे आत्या.

शंकेखोर
आत्याने भाचीला १९ वर्षं डांबून ठेवलं आणि मग मुंडकं उडवलं. लग्नकार्यात आहेराची साडी परत करणाऱ्या आमच्या आत्याबद्दल आजपासून एक शब्द बोलणार नाही.

अर्धा_कप_चहा
हसून हसून पुरेवाट!

लीथवाली
एडिनबरात राहते म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. मेरी फ्रान्सहून आली तेव्हा जहाज आमच्या लीथच्या बंदरातच लागलं होतं. होलीरूड पॅलेसमध्ये वर तिच्या झोपायच्या खोलीला लागून एक छोटी खोली आहे, जेमतेम १२ फूट बाय १२. तिथे ९ मार्च १५६६ च्या रात्री ती चार-पाच जणांबरोबर जेवायला बसलेली, सहा महिन्यांची गरोदर. त्यात तिचा इटालियन सेक्रेटरी डेव्हिड रिझिओ. डार्नली खालच्या खासगी जिन्याने वर आला आणि त्याच्या मागून लॉर्ड रुथवेन, आजारी, अंथरुणातून उठून आलेला पण अंगात चिलखत. रिझिओ मेरीच्या झग्याला धरून लपायला बघतोय, ते त्याला ओढत बाहेर नेतात आणि ५६ वार करतात. डार्नलीचा खंजीर मुद्दाम प्रेतात तसाच ठेवलेला, म्हणजे नंतर 'मी त्यात नव्हतो' म्हणायची सोय नको. बाहेरच्या खोलीत जमिनीवर एक लालसर डाग अजून दाखवतात. डाग खरा किती ते सोडा, पण ती आतली खोली बघून माझ्या नवऱ्याने विचारलं, इथे एवढी माणसं मावली कशी?

आता जे लोक तिला 'भावनेच्या भरात वाहणारी बाई' म्हणतात त्यांनी पुढचं बघावं. दोन दिवसांत तिने त्याच डार्नलीला गोड बोलून फोडलं, हे लोक उद्या तुलाही संपवतील हे पटवलं, आणि रात्री नोकरांच्या बाजूने त्याला घेऊन सटकली, घोड्यावरून थेट डनबारच्या किल्ल्यात. सहाव्या महिन्यात. आठवड्याभरात फौज घेऊन राजधानीत परत. १९ जूनला एडिनबरा कॅसलमध्ये मुलगा झाला, तोच पुढचा जेम्स. त्यामुळे डोकं नव्हतं असं प्लीज म्हणू नका.

मंजूमावशी
लीथवाली, +१००. डोकं होतं, भरवशाची माणसं नव्हती. एलिझाबेथकडे तिचा मंत्री सेसिल होता, हेरखातं सांभाळणारा वॉल्सिंगहॅम होता, आयुष्यभर एकनिष्ठ. हिच्याकडे कोण? ज्या सरदारांवर विसंबायचं त्यातले निम्मे इंग्लंडकडून पैसे घेणारे. आणि लग्नाचं म्हणाल तर राणीने लग्न नाही केलं तर वारस कुठून आणणार, केलं तर नवरा डोक्यावर बसणार. एलिझाबेथने त्यावर तोडगा काढला, लग्नच केलं नाही. पण त्याची किंमत म्हणजे तिच्यामागे घराणंच संपलं. आणि इंग्लंडच्या गादीवर बसलं कोण? मेरीचा मुलगा.

नाना_सोलापूरकर
मावशी, तो मुलगा म्हणजे डार्नलीचाच की! बघा, माझा मुद्दा घरातच फिरतोय.

अर्धा_कप_चहा
नाना, डार्नलीच्या लग्नातून ती सावरली होती हेच तर लीथवालीने दाखवलंय. बॉथवेलपासून नाही सावरली. १० फेब्रुवारी १५६७ ला पहाटे दोनच्या सुमाराला कर्क ओ' फील्डचं घर दारूगोळ्याने उडालं. डार्नली आजारातून उठत होता म्हणून तिथे ठेवलेला, मेरी आदल्या संध्याकाळी त्याच्यापाशी बसून मग एका नोकराच्या लग्नाच्या समारंभाला गेली. आणि डार्नलीचं प्रेत सापडलं कुठे, तर घराबाहेर बागेत, अंगात नुसता रात्रीचा शर्ट, शेजारी नोकराचं प्रेत, जवळ एक खुर्ची, आणि अंगावर भाजल्याची खूण नाही. स्फोटाआधी बाहेर पडला आणि बाहेर कुणीतरी गळा दाबला असं दिसतं. या सगळ्याचं त्या वेळी काढलेलं चित्र इंग्लंडला सेसिलकडे पाठवलं होतं, ते अजून आहे. संशय बॉथवेलवर. १२ एप्रिलला खटला, एका दिवसात निर्दोष. २४ एप्रिलला तो मेरीला वाटेत गाठून डनबारला घेऊन गेला, मे महिन्याच्या सुरुवातीला त्याने बायकोला घटस्फोट दिला, १५ मेला लग्न, तेही प्रोटेस्टंट पद्धतीने. म्हणजे कॅथलिक जगाने पण हात झटकले.

आणि एलिझाबेथने तिला आधीच पत्रात बजावलं होतं की खुनी कितीही जवळचा असला तरी त्याला सोडू नकोस, लोक तुझ्याकडे बघतायत. वैरीण असून सल्ला चांगला दिला होता.

मंजूमावशी
तिला पळवून नेलं आणि डनबारला तिच्यावर जबरदस्ती झाली असं लिहिणारे समकालीन लोक आहेत. त्या काळी अशा बाईपुढे लग्नाशिवाय दुसरा मार्ग काय होता? याला 'निर्णय' म्हणायचं का?

कायदेपंडित
मावशींच्या मुद्द्याला एक जोड. १९ एप्रिलला, म्हणजे पळवून न्यायच्या आधी पाच दिवस, बऱ्याच सरदारांनी आणि बिशपांनी एका कागदावर सह्या करून बॉथवेलला पाठिंबा दिला होता की राणीचं लग्न तुझ्याशी व्हावं. आणि त्यातलेच काही जण महिन्या-दोन महिन्यांत 'खुनी बॉथवेल' म्हणून तलवार घेऊन उभे! १५ जूनला कार्बरी हिलला लढाई न होताच मेरी शरण आली, एडिनबरात नेताना रस्त्यावर लोक 'जाळा हिला' म्हणून ओरडत होते. मग लॉक लेव्हनच्या तळ्यातल्या किल्ल्यात कैद, तिथे जुळ्यांचा गर्भपात, आणि त्या अवस्थेत २४ जुलैला राजत्यागाच्या कागदावर सही घेतली. धमकावून घेतलेल्या सहीची किंमत कुठलाही वकील सांगेल.

आता त्या चांदीच्या पेटीबद्दल. तोवर स्कॉटलंडचा कारभार हाती घेतलेल्या मोरेने १५६८ मध्ये इंग्लंडमधल्या चौकशीत एक पेटी ठेवली, त्यात मेरीने बॉथवेलला लिहिलेली म्हणून आठ पत्रं आणि काही कविता. पत्रांवर सही नाही. मेरीला मूळ कागद बघू दिले नाहीत, स्वतः येऊन बोलू दिलं नाही. मूळ पत्रं पुढे १५८४ नंतर गायब झाली, आज हातात फक्त नकला आणि भाषांतरं. एलिझाबेथचा निकाल काय, तर कुणावरच काही सिद्ध झालं नाही. ठीक आहे. पण मग मोरे ५,००० पौंडांचं कर्ज घेऊन घरी जातो आणि मेरी कैदेतच! असला निकाल आमच्या तालुका कोर्टात लागला असता तर बार असोसिएशनने कामबंद केलं असतं.

भुईकोट
सगळे प्रतिसाद वाचले. माझं उत्तर वेगळं आहे आणि मला त्याबद्दल शंका नाही: १६ मे १५६८, सॉल्वेची खाडी ओलांडून इंग्लंडात पाऊल ठेवलं ती घोडचूक. त्याआधी सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं.

बघा ना, लॉक लेव्हनमधून ही बाई निसटली होती. पहिल्यांदा धोबिणीचे कपडे घालून होडीत बसली, नावाड्याला हात दिसले, गोरे आणि मऊ, परत आणून सोडली. दुसऱ्यांदा २ मेला विली डग्लस नावाच्या पोराने जेवणाच्या वेळी किल्ल्या उचलल्या, बाहेर पडल्यावर दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ल्या पाण्यात फेकल्या. दहा-बारा दिवसांत तिच्यामागे हजारोंची फौज उभी. १३ मेला लँगसाइडला हरली, कबूल, पण एक लढाई हरली म्हणजे संपलं नाही. तिच्या पक्षाचे लोक तिच्याशिवाय १५७३ पर्यंत एडिनबरा कॅसल लढवत होते! तिने डोंगरात दम धरायला हवा होता, नाहीतर फ्रान्सला जायला हवं होतं, तिथे तिची स्वतःची जहागीर होती, उत्पन्न होतं, गीझ घराण्याचे मामा होते. सोबतच्यांनी विनवण्या केल्या की इंग्लंडात नको. आणि ही मासेमारीच्या होडीतून वर्किंग्टनला उतरली, कारण काय तर एलिझाबेथ बहिणीसारखी मदत करेल. जिच्या गादीवर हक्क सांगितला तिच्याच घरी आश्रयाला!

शंकेखोर
आणि दोघींची भेट शेवटपर्यंत झाली नाही ना? मी एका सिनेमात बघितली होती.

लीथवाली
नाही झाली. १५६२ मध्ये ठरली होती, फ्रान्समध्ये धर्मयुद्ध पेटलं म्हणून एलिझाबेथने रद्द केली. नाटक-सिनेमावाल्यांना मात्र दोघींना समोरासमोर आणल्याशिवाय चैन पडत नाही.

तलवारबाज
आपल्या ताराराणींनी अशा वेळी...

शंकेखोर
नको. कृपया. मागच्या ऑलिव्ह ऑइलच्या धाग्यावर पण पानिपत झालं होतं.

शेफील्डकर
भुईकोट यांच्याशी सहमत, पण १५६८ मध्ये तिला हे १९ वर्षं चालेल असं कुठे माहीत होतं. त्यातली जवळजवळ १४ वर्षं आमच्या शेफील्ड भागात गेली. किल्ला आता नाही, मॅनर लॉजचे अवशेष आणि टरेट हाउस आहे, पाहुणे आले की मी तिथे नेतो. कैद म्हणजे अंधारकोठडी नव्हे हं. डोक्यावर राणीचं छत्र, स्वतःचे आचारी, जेवणात दोन वेळा सोळा-सोळा पदार्थ, सांधे धरले की बक्सटनच्या गरम पाण्याला जायची परवानगी. सांभाळणारा अर्ल ऑफ श्रूजबरी बिचारा यात पिळून निघाला, एलिझाबेथ भत्ता पुरेसा देईना, खिशातून घालायचे पैसे आणि वर बायको संशय घ्यायची. टटबरीचा किल्ला मात्र वाईट होता, गळका, ओल, आणि खिडकीखाली संडासांची घाण. तिथे गेल्यावर तिची तब्येत गेलीच.

दिवस काढायला भरतकाम. श्रूजबरीची बायको बेस ऑफ हार्डविक आणि मेरी, दोघी सुरुवातीला एकत्र बसून करायच्या. त्यातलं एक चौकोनी काम अजून आहे, पिवळसर लाल मांजर आणि समोर इवलासा उंदीर. मूळ छापील चित्रात उंदीर नव्हता, हिने घातला, असं म्हणतात. एलिझाबेथचे केस लाल, तेव्हा मांजर कोण ते सांगायला नको. आणि हीच मेरी १५७४ मध्ये एलिझाबेथला स्वतः भरलेला लाल सॅटिनचा परकर भेट पाठवते. दोघी काय चीज होत्या!

गोंयकार
थोडं अवांतर, पण आमच्या गावचा संबंध आहे म्हणून. १५७० मध्ये पोप पाचव्या पायसने एलिझाबेथला बहिष्कृत करून प्रजेला तिच्या आज्ञेतून मोकळं केलं. झालं, त्या दिवसापासून इंग्लंडमधला प्रत्येक कॅथलिक सरकारच्या नजरेत संशयित. जेझुइट, म्हणजे कॅथलिक मिशनरी संघातले पाद्री, तर सरळ देशद्रोही, एडमंड कॅम्पियनला १५८१ मध्ये फाशी दिली. याच काळातला एक इंग्लिश कॅथलिक रोमला जाऊन जेझुइट झाला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्याला उतरला, तो म्हणजे थॉमस स्टीफन्स, आपले ख्रिस्तपुराणवाले फादर स्टीफन्स. मेरी शेफील्डात भरतकाम करत होती तेव्हा हे साष्टीत मराठी शिकत होते. ओव्यांचा तो ग्रंथ १६१६ मध्ये रायतूरला छापला.

दुसरं म्हणजे १५८० नंतर पोर्तुगाल स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेलं, म्हणजे गोव्याचा राजा पण तोच. आणि मे १५८६ मध्ये मेरीने स्पेनच्या राजदूताला लिहिलं की माझा मुलगा कॅथलिक झाला नाही तर इंग्लंडवरचा माझा हक्क फिलिपला देते. विचार करा.

मंजूमावशी
गोंयकार, असं अवांतर रोज लिहा. वाचनखूण साठवली.

गल्लीतला_गुप्तहेर
आता माझा विषय आला! १५८५ अखेर तिला चार्टलीला हलवलं, पहारेकरी एमिअस पॉलेट, कडक प्युरिटन, पत्रव्यवहार बंद. मग गिल्बर्ट गिफर्ड नावाचा माणूस येतो, म्हणतो मी मार्ग काढतो. बिअरच्या पिंपाच्या बुचात पाकीट लपवून पत्रं आत-बाहेर. गिफर्ड वॉल्सिंगहॅमचा माणूस. बिअर पुरवणाऱ्याला मेरीकडून पण पैसे आणि पॉलेटकडून पण, आणि इतकं मिळून त्याने बिअरचा भाव वाढवून मागितला! मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात हुशार माणूस तोच वाटतो.

सांकेतिक लिपी अशी: अक्षरांना वेगवेगळी चिन्हं, काही नेहमीच्या शब्दांना स्वतंत्र चिन्हं, आणि काही चिन्हं नुसतीच फसवायला, त्यांना अर्थ नाही. पण अक्षरं किती वेळा येतात हे मोजत गेलं की असली लिपी फुटते, आणि वॉल्सिंगहॅमचा थॉमस फेलिप्स यात वाघ होता. बॅबिंग्टन नावाच्या तरुणाने लिहिलं की आम्ही सहा जण एलिझाबेथला संपवतो आणि तुम्हाला सोडवतो. १७ जुलै १५८६ ला मेरीचं उत्तर गेलं, बाहेरच्या मदतीचं, सुटकेचं सगळं तपशीलवार. फेलिप्सने उकललेल्या प्रतीवर फाशीच्या खांबाचं चित्र काढलं आणि वर पत्राला तिच्याच लिपीत खोटा ताजा कलम जोडला, की त्या सहा जणांची नावं कळवा.

आणि मंडळी, २०२३ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात इटालियन म्हणून नोंदलेले कागद तिघा हौशी लोकांनी उकलले, एक संगणकवाला, एक संगीतवाला, एक भौतिकशास्त्रवाला. निघाली मेरीची ५७ पत्रं, १५७८ ते १५८४ मधली, बहुतेक फ्रेंच राजदूताला लिहिलेली. त्यातल्या काहींच्या नकला वॉल्सिंगहॅमच्या कागदांत आधीपासून होत्या, म्हणजे दूतावासातला माणूस पण फुटलेला. बिचारी ज्या वाटेला गुप्त समजत होती ती प्रत्येक वाट त्याच्या टेबलावरून जात होती.

कायदेपंडित
आणि १५८५ चा कायदा विसरू नका. ज्याच्या फायद्यासाठी कट होईल त्याच्यावर खटला. कायदाच तिला डोळ्यांसमोर ठेवून शिवलेला. फोदरिंगेला ऑक्टोबर १५८६ मध्ये खटला, वकील नाही, मूळ पत्रं नाहीत. तिचा पहिला मुद्दा बिनतोड होता, मी दुसऱ्या देशाची राणी, तुमची प्रजा नाही, मग राजद्रोह कसला?

नाना_सोलापूरकर
मुद्दा बिनतोड, पण पत्र तिनेच लिहिलं होतं ना? १९ वर्षं डांबल्यावर कुणीही लिहिलं असतं, तरी लिहिलं होतं.

शेफील्डकर
फोदरिंगेला आज काहीच नाही, नदीकाठी गवताळ टेकाड आणि खाली किल्ल्याच्या भिंतीचा एक तुकडा.

८ फेब्रुवारी १५८७ चं वर्णन वाचवत नाही. पहाटे दोनला फ्रान्सच्या राजाला शेवटचं पत्र, त्यात नोकरांचे पगार द्या म्हणून विनंती. वरचा काळा झगा काढला तर आत गडद लाल कपडे, हुतात्म्याचा रंग. प्रोटेस्टंट डीन उपदेश करायला लागला तर त्याला थांबवून स्वतःची लॅटिन प्रार्थना मोठ्याने. पहिला घाव चुकला. जल्लादाने डोकं उचललं तर हातात नुसता केसांचा टोप आला, खरे केस पांढरे, बारीक कापलेले. आणि झग्याखालून तिचा छोटा कुत्रा निघाला. रक्ताचे कपडे जाळून टाकले, कुणी पवित्र अवशेष म्हणून जपू नयेत म्हणून.

मंजूमावशी
आणि एलिझाबेथचं नाटक! १ फेब्रुवारीला सही केली आणि लगेच पॉलेटला सुचवून बघितलं की गुपचूप काम उरकता येईल का. तो म्हणाला माझ्या सद्सद्विवेकाला पटत नाही. मग बातमी आल्यावर रडारड, मी हुकूम पाठवा असं म्हटलंच नव्हतं, आणि सेक्रेटरी डेव्हिसन बिचारा लंडनच्या टॉवरमध्ये कैद. साहेबांनी सही करायची आणि निलंबन क्लार्कचं, हे चारशे वर्षांपूर्वीपासून आहे.

भुईकोट
मुलगा जेम्सने काय केलं? निषेधाचा खलिता. १५८६ मध्ये एलिझाबेथशी तह करून वर्षाला पैसे घेत होता, इंग्लंडची गादी दिसत होती. १६०३ मध्ये मिळालीच. मग १६१२ मध्ये आईला पीटरबरोहून वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत आणलं. एकाच चॅपलच्या एका बाजूला एलिझाबेथ, दुसऱ्या बाजूला मेरी, आणि मेरीची कबर जास्त भारी.

अर्धा_कप_चहा
मूळ प्रश्नाकडे येऊ या. आत्तापर्यंत: नाना डार्नली, मी बॉथवेल, भुईकोट सॉल्वे, गल्लीतला गुप्तहेर बहुतेक बॅबिंग्टनचं पत्र. मावशी आणि पंडित, तुमचं मत पडलं नाही.

कायदेपंडित
१५५८. एलिझाबेथ गादीवर येताच मेरी आणि तिच्या नवऱ्याच्या चिन्हांत इंग्लंडची चिन्हं घातली. पुढे १५६० च्या एडिनबरा तहात ती काढायचं कलम होतं आणि मेरीने तो तह कधीच मान्य केला नाही. सेसिल ते कधी विसरला नाही.

अर्धा_कप_चहा
पण १५५८ चा निर्णय सासऱ्याचा होता, ती पंधरा वर्षांची!

कायदेपंडित
तह न मानण्याचा निर्णय तिचाच. १५६१ नंतर पुन्हा पुन्हा विचारलं, दरवेळी टाळलं.

मंजूमावशी
तो मानला असता तर इंग्लंडवरचा वारसाहक्कच सोडल्यासारखं झालं असतं, म्हणून टाळलं. एलिझाबेथने वारस म्हणून तिचं नाव जाहीर केलं असतं तर तिने सही केली असती, तसं ती म्हणत पण होती. एलिझाबेथ ते कधीच करणार नव्हती, कारण वारस जाहीर केला की दरबारी लोक उगवत्या सूर्याकडे वळतात हे तिने आपल्या आधी राणी असलेल्या बहिणीच्या राज्यात स्वतः अनुभवलं होतं. तेव्हा माझं मत कुणालाच नाही. एकच निवडायची अट मला मान्य नाही, धागा उडवायचा तर उडवा.

भुईकोट
मावशी, मी तरी सॉल्वेवरच ठाम. बाकी सगळीकडे तिला कुणी ना कुणी ढकललं होतं. होडीत ती स्वतः बसली, तेही सगळे नको म्हणत असताना.

लीथवाली
यावर माझंही मत भुईकोटना. फ्रान्सला गेली असती तर म्हातारी होऊन मेली असती, आणि आम्हाला इथे दर उन्हाळ्यात पर्यटकांची एवढी गर्दी सहन करावी लागली नसती.

शंकेखोर
एवढ्या प्रतिसादांत डार्नलीबद्दल एकाने तरी बरा शब्द लिहायचा होता.

नाना_सोलापूरकर
ल्यूट चांगली वाजवायचा. झालं.